एकोणसत्तरच्या जागी सत्तर

रविवार, आठ तारीख
दुपार

प्रिय सुईवाली,

हे नाव ह्यांनी ठेवलेलं. मी तुला या नावानं कधी हाक मारली नाही. समोर सिस्टर आणि घरात आपसांत सुईवाली, असंच सात वर्षं चाललं. आज कागदावर तुझं खरं नाव लिहायला घेतलं आणि हात थांबला. ते नाव याआधी माझ्याकडून दोनदा कागदावर गेलंय. एकदा कौतुकानं गेलं. दुसऱ्या वेळचं सांगायला मला जरा वेळ लागेल, तेवढा दे.

आधी ह्यांची खबर, कारण बुधवारी फोनवर तू पहिलं तेच विचारलंस. ह्यांचं बरं आहे. पाय सैल आहेत, सकाळी खुर्चीत बसवताना गुडघे दुमडतात, मला एकटीला जमतं. डबीत औषध आहे. पुढची भरणी चोवीस तारखेला. नाही भरली तर एकोणतीसला, औषध संपत आलं म्हणून, ती पोटात वाजायला लागेल, आणि वाजायला लागल्यावर किती दिवस हातात असतात ते तू जाणतेस. तुला तारखा सांगायची खरं तर गरज नाही, पण हल्ली मी कुणाशीही बोलताना मनात आधी तारखा मोजते. परवा भाजीवालीनं काय हवं विचारलं, तर तोंडातून चोवीस निघालं. ती म्हणाली, चोवीस काय बाई, लिंबं?

तुला ठाऊक असलेलंही मी इथे लिहिणार आहे. मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण वरची ओळ गाळून खालची लिहिली की बेरीज चुकते एवढं कळतं. हे लिफ्टच्या खड्ड्यात पडले तेव्हा धाकटी लेक पाचवीत होती. दोन मजले. कंबरेखालचं काही हलेना, ते आम्ही सोसलं असतं. पण हलेनात ते पाय आपण होऊन ताठायला लागले. फळीसारखे. मांड्या एकमेकींवर अशा आवळायच्या की मधे उशी घालायला आम्हां मायलेकींना जोर लावावा लागायचा, आणि हे ओठ चावून छताकडे बघत राहायचे. गोळ्यांनी पाय सुटायचे नाहीत, माणूस मात्र दिवसभर झोपायचा. मग ही डबी बसवली, दवाखान्यात तिला पंप म्हणतात. पोटाच्या उजव्या अंगाला कातडीखाली, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी, आणि तिच्यातून आतल्या आत मणक्यापर्यंत नळी. पहिल्या आठवड्यात ह्यांनी मला बोलावून आपला गुडघा स्वतःच्या हातानं दुमडून दाखवला. आमच्या लग्नातसुद्धा हे इतके हसले नव्हते.

आणि मग दर अकरा आठवड्यांनी तू. बोटांनी पोट चाचपून डबीची कड शोधायचीस, वर ती भोकाची चकती ठेवायचीस आणि मला म्हणायचीस, वहिनी, धरा, हलू द्यायची नाही, हलली तर तुमच्या नवऱ्याला चाळणी करीन. हे म्हणायचे, कर बाई, टाकी फुल कर आणि काचही पूस. आधी उरलेलं औषध ओढून काढायचीस, नळीवरचा आकडा मला वाचायला लावायचीस आणि डबी वाचणाऱ्या यंत्राच्या आकड्याशी जुळला की म्हणायचीस, बघा, आपल्या घरात चोरी नाही. एका टोचणीत काम. सात वर्षांत दुसरी टोचणी मी पाहिली नाही. डॉक्टर समोरच्या इमारतीत असायचे. डबी बसवली तेव्हा ते मोठ्या मायेनं बोलले होते, त्यानंतर भरणीला एकदाही आले नाहीत, आणि ते यावेत असं आम्हांला कधी वाटलंही नाही.

भरणीनंतर महिन्याभरानं विमा कंपनीचा कागद यायचा. तारीख, पाच आकडी कोड, रक्कम. मी घरातला प्रत्येक कागद वाचते, दुधाच्या पिशवीवरचंही वाचते, म्हणून तुला त्या कोडचं विचारलं होतं. तू हातमोजे काढता काढता सांगितलंस, वहिनी, शेवटचे दोन आकडे बघा. एकोणसत्तर असेल तर डबी तपासली, तिचा वेग लावला आणि आमच्यासारखीनं भरली. सत्तर असेल तर काम अवघड होतं आणि डॉक्टरांनी स्वतः हात घालून भरली. सत्तरचे पैसे जास्त. ते कोड आम्ही नाही टाकत, आम्ही फक्त काय केलं ते लिहितो, कोड बिलाच्या खोलीत पडतात. मला गंमत वाटली. इतक्या दुखण्याला शेवटी दोन आकडे. मी घरी येऊन सगळे जुने कागद काढले. सगळे एकोणसत्तर. मनाला बरं वाटलं, देवानं चांगल्या माणसांच्या हाती दिलंय म्हणून.

मागच्या वर्षी बिलाच्या खोलीत नवे साहेब आले, आणि त्यानंतरच्या कागदावर सत्तर आलं. मला वाटलं, चुकून पडलं. पुढच्यावर पुन्हा सत्तर. तिसऱ्यावर पुन्हा. पैसे आमच्या खिशातून जात नव्हते हे खरं, पण वर्षाला विम्याची जी हद्द ठरलेली आहे ती सत्तरच्या हिशेबानं चौथ्या भरणीतच संपत होती, आणि पाचवी अधांतरी राहत होती. शिवाय, न केलेल्या कामाचा पैसा आमच्या नावावर उचलला जातोय हे मला झोपू देईना. दुकानदारानं चुकून जास्त सुटे दिले तर मी चार गल्ल्या मागे जाऊन परत देणारी बाई. तशीच गेले. विमा कंपनीला पत्र लिहिलं. स्वच्छ अक्षरात, समास सोडून. की आमच्या यजमानांची डबी डॉक्टर भरत नाहीत, अमुक नावाच्या सिस्टर भरतात, त्यांचा हात अतिशय हलका आहे, सात वर्षांत एकदाही त्रास झाला नाही, अशा बाईंचं कौतुक व्हावं. आणि सत्तर पडलंय तिथे कृपया एकोणसत्तर करावं.

तुला आधी दाखवायला हवं होतं. दाखवलं असतं तर तू म्हणाली असतीस, वहिनी, थांबा, मी आत बोलते. पण मला वाटलं, तुझ्या नावानं चार चांगले शब्द वर जातायत, तर गुपचूप जाऊ देत. एखाद दिवशी साहेब तुला बोलावून शाबासकी देतील आणि तू पुढच्या भरणीला येऊन म्हणशील, वहिनी, हा तुमचाच उद्योग ना? मी त्या दिवसाची वाट बघत होते. खरंच बघत होते.

त्याऐवजी विमा कंपनीचा तपासनीस आला. तुला त्यानं विचारलं आणि तू सरळ सांगितलंस, की हो, मीच भरते, डॉक्टर खोलीत नसतात. तू खोटं कशाला बोलशील? तुला कुठे ठाऊक होतं कोणी काय लिहिलंय ते. पुढच्याच आठवड्यात बिलाचे साहेब आमच्या घरी आले. ते तुला कळलेलं नाही. फळं घेऊन आले. चपला दाराबाहेर काढल्या, ह्यांच्या खोलीत डोकावून काय म्हणता म्हणून विचारलं, मग माझ्याबरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. आवाज इतका मऊ की मला दोनदा काय म्हणालात म्हणून विचारावं लागलं. म्हणाले, ताई, तुमचं पत्र मी वाचलंय, अक्षर सुंदर आहे. म्हणाले, तुमच्या कंपनीचा आमच्याकडे पंपवाला पेशंट एकच, तुमचे मिस्टर. हे पत्र उभं राहिलं तर कंपनी तुमचं खातं गोठवणार, चौकशी वर्षभर चालणार. खातं गोठलं की आम्ही ते औषध मागवू शकत नाही; ते पेशंटच्या नावानं येतं, दुकानात मिळत नाही. मी म्हटलं, रोख देते, दागिने आहेत. ते म्हणाले, रोखीचा प्रश्नच नाही हो ताई, नियम आहे. मी म्हटलं, दुसरीकडे नेते. ते म्हणाले, जरूर न्या. त्यांना ठाऊक होतं की दुसरी जागा सात तासांवर आहे आणि तिथली यादी पाच महिन्यांची. मी त्या यादीत ह्यांचं नाव त्याच संध्याकाळी घातलं, अजून आमच्या पुढे माणसं आहेत.

मग त्यांनी पाकिटातून कागद काढला. टाइप केलेला होता. तेव्हा भरणीला नऊ दिवस उरले होते. कागदावर लिहिलं होतं की भरणी नेहमी डॉक्टरच करत, मी बाहेरच्या बाकावर बसत असे, आतलं मला दिसत नसे. आणि शेवटी, आधीचं पत्र मी सिस्टरांच्या सांगण्यावरून लिहिलं, पगारवाढ न मिळाल्यामुळे त्यांच्या मनात राग होता. तुझं पूर्ण नाव होतं. मी म्हटलं, हे शेवटचं वाक्य खोटं आहे. साहेब म्हणाले, ताई, त्याच्या वरचीही खोटीच आहेत, एकाचंच का वाईट वाटून घेता? आणि हसले, गं. मला राग यायला हवा होता. पण त्या वेळी आतून ह्यांची हाक आली, अगं, पाणी दे जरा, आणि मी उठून पाणी दिलं, त्यांचे पाय सरळ करायला वाकले, डावा पाय माझ्या हातात किंचित ताठला. किंचितच. भरणी जवळ आली की होतं तसं. मी परत येऊन सही केली. साहेबांनी पेन पुढे केलं होतं, ते न घेता मी माझ्या पेनानं केली, जसं काही त्यानं फरक पडणार होता.

आता तुला कळलं. परिचारिका परिषदेनं तुझ्या परवान्याबद्दल काढलेल्या नोटिशीत ज्या पेशंटच्या नातेवाईकाचा जबाब म्हटलंय, ती मी. तुला वाटलं असेल की तपासनिसानंच काहीतरी खोटं घुसडलंय. बुधवारी फोनवर तू म्हणालीस, वहिनी, कोणीतरी माझ्याविरुद्ध लिहून दिलंय, नाव झाकलंय, पण तुम्ही पुढच्या गुरुवारी सुनावणीला येऊन फक्त खरं सांगा, म्हणजे माझा परवाना वाचेल. तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय? आणि मी काय म्हटलं? ह्यांना सर्दी आहे, बघते. तू म्हणालीस, काळजी घ्या, छातीत जाऊ देऊ नका. फोन ठेवून मी किती वेळ ओट्यापाशी उभी होते ठाऊक नाही. दूध उतू गेलं. माझ्या घरात दूध उतू जात नाही.

सहीनंतरच्या त्या भरणीचं तुला सांगायलाच हवं. डॉक्टर स्वतः आले. त्यांना यावंच लागलं, आता कागदाप्रमाणे वागणं भाग होतं. चांगला माणूस आहे, शस्त्रक्रियेत हात सोन्याचा असेल, पण ही सुई त्यांनी कित्येक वर्षांत धरली नसावी. चकती कशी ठेवायची ते सोबतच्या नव्या मुलीला विचारलं. पहिली टोचणी कडेला लागली. दुसरी. तिसऱ्या वेळी त्यांच्या कपाळावरून घाम ह्यांच्या पोटावर पडला. मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण दाराला काच आहे, मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. चौथीला जमलं. बाहेर आल्यावर ह्यांनी एकच विचारलं, माझी सुईवाली कुठाय? मी म्हटलं, रजेवर. महिन्यानं कागद आला, सत्तर. या वेळी खरं. त्या कागदाकडे मी बघत बसले. सात वर्षांत तुझ्या हातून सगळं नीट झालं ते आता खोटं ठरलंय, आणि डॉक्टरांनी चार भोकं पाडली ते खरं.

मी रोज सकाळी देवासमोर बसते, तुला ठाऊक आहे, तू हसायचीस की वहिनींच्या देवाला सुट्टी नाही. अजून बसते. पण मागायला तोंड उघडत नाही. ह्यांचे पाय सैल राहू देत म्हणावं तर ते कोणाच्या जिवावर ते त्याला दिसतंय. तुझा परवाना राहू दे म्हणावं तर तो ज्या वाक्यानं जातोय ते माझ्या सहीचं. दोन्ही मागणं एका दमात मागता येत नाही. म्हणून हात जोडून गप्प बसते, दिवा विझू नये म्हणून वात सारते आणि उठते.

तुझ्या फोननंतर दुसऱ्या दिवशी दुपारी मी ह्यांना सगळं सांगितलं. जेवण झालं होतं, मी त्यांची नखं कापत होते. त्यांनी हात काढून घेतला. म्हणाले, पॉलिशच्या डबीसाठी त्या पोरीची भाकरी काढलीस? मी म्हटलं, डबीसाठी नाही, तुमच्यासाठी. ते म्हणाले, तेच. मग म्हणाले, मला विचारायचं होतंस. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणाला असतात म्हणूनच विचारलं नाही. यावर ते हसले, पण ते हसणं नव्हतं. म्हणाले, खरं काय ते लिहून दे, पाय माझे आहेत. इतकी वर्षं ह्यांना ओळखते मी, ते असंच बोलणार हे मला ठाऊक होतं. पण भरलेल्या डबीवर माणूस शूर असतो. फळीसारखे पाय झाले की हाच माणूस काही न मागता छताकडे बघणार, आणि ते मला बघावं लागणार. माझा त्यांच्या शब्दावर विश्वास आहे की मला हवा तसा तो ऐकू आला, हे मी ठरवू शकले नाही. तरी तो घेतला.

शुक्रवारी शेजारीण ह्यांच्यापाशी बसली आणि मी परिषदेच्या कचेरीत जाऊन हातानं लिहिलेलं निवेदन दिलं. दोन पानं. पहिलं पत्र खरं, दुसरा कागद खोटा, सही माझी, कारण अमुक. पोच घेतली. कारकून म्हणाला, बाई, खोट्या जबाबाचं तुमच्यावरही येऊ शकतं, विचार केलाय ना? मी म्हटलं, शिक्का मारा. गुरुवारी मी येईनही. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल, मी मागच्या ओळीत बसेन आणि विचारतील तेवढं सांगेन. त्यानंतर खातं गोठणार, चोवीसची भरणी होणार नाही. डॉक्टरांना मी विचारून पाहिलं, की यंत्रानं औषध हळूहळू कमी करून ठेवता का. ते म्हणाले, तसं माझ्या हातात असतं तर, आणि समोरची फाइल मिटली. सात तासांवरच्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या यादीत आमच्या पुढे अजून सतरा.

माफी मागायला हे पत्र लिहिलं असतं तर एका पानात आटोपलं असतं, आणि मागायचं तोंडही मला नाही. मी लिहितेय ते याच्यासाठी: एकोणतीसला डबी वाजायला लागेल, आणि या गावात तिच्याबद्दल खरं काय ते जाणणारी तू एकटी आहेस. दवाखान्याच्या पत्रकात औषध एकदम बंद पडलं तर ताप, झटके, जिवाला धोका एवढंच छापलंय. औषध आटत जाताना आधी काय दिसतं, खाज सुटते म्हणतात ती कुठे, किती तास थांबायचं आणि कधी अजिबात थांबायचं नाही, अपघात विभागातल्या डॉक्टरनं ही डबी आधी पाहिली नसेल तर त्याला पहिलं वाक्य काय सांगायचं, गोळ्या कोणत्या, किती, ते तू तुझ्या अक्षरात एका कागदावर लिहून पाठव. मी तुझ्यावर काय आणलं ते विसरून नाही, ते लक्षात ठेवूनच पाठव, जमलं तर. ज्या बाईचं नाव मी विकलं तिच्याच दारात ह्यांचा जीव मागायला उभी आहे, दुसरं दार मला उरलेलं नाही. आणि नाही पाठवलंस, तरी शुक्रवारी दिलेलं निवेदन मी परत घेणार नाही; ते तुझ्या कागदाच्या बदल्यात दिलेलं नव्हतं, हे तुला आधी कळावं म्हणून ते आधी देऊन मग आज लिहायला बसले.

तुझीच,
वहिनी